प्रत्येक माणसात देवाचं प्रतिरूप पाहायचं ते कसं: ज्यू परंपरेतला रोजचा सराव

तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथात एका विद्वानाची फजिती सांगितली आहे. रब्बी (म्हणजे धर्मगुरू) शिमोन यांचे चिरंजीव रब्बी एलाझार गुरूच्या घरून, मिग्दल गदोरहून, गाढवावर बसून नदीकाठाने परत येत होते. भरपूर शिकून झालं होतं, स्वारी खुशीत होती आणि त्या खुशीत थोडी गुर्मीही होती. वाटेत एक अतिशय कुरूप माणूस भेटला. त्याने नमस्कार केला. रब्बींनी तो घेतला नाहीच, वर विचारलं, "किती रे कुरूप तू! तुमच्या गावात सगळे असेच का?" माणूस म्हणाला, "ते मला ठाऊक नाही. पण ज्या कारागिराने मला घडवलं त्याच्याकडे जा आणि त्याला सांग, तू केलेलं हे भांडं किती कुरूप आहे."

रब्बी गाढवावरून उतरले, त्याच्या पाया पडले, माफी मागत मागत गावापर्यंत त्याच्या मागे चालत गेले. माणूस काही ऐकेना. शेवटी गावकऱ्यांनी गळ घातली तेव्हा त्याने माफ केलं, पण एक अट घातली: पुन्हा असं वागायची सवय ठेवायची नाही.

अट सवयीची आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या माणसाने रब्बींकडून प्रेमाची अपेक्षा केली नाही, आदराने ऊर भरून यावा असंही मागितलं नाही. ज्यू परंपरेत माणसातलं दैवी रूप पाहण्याची जी साधना आहे ती बहुतेक अशीच चालते. डोळे, चेहरा, जीभ आणि हात यांना आधी वळण लावायचं, मन मागून येतं. मध्ययुगीन स्पेनमध्ये लिहिल्या गेलेल्या 'सेफेर हहिनुख' या ग्रंथात हे स्पष्टच म्हटलं आहे: हृदयं कृतीच्या मागे ओढली जातात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

सुरू करण्याआधी पाया

मराठी वाचकाला इथे ज्ञानोबांची ओवी आठवणारच: 'जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत.' आठवू दे. पण दोन्ही एकच असं धरून चाललात तर ज्यू सरावाची धार जाईल. ज्यू श्रद्धेत माणूस देव नसतो आणि माणसाची पूजा करणं हा तर मोठाच अपराध. हसिदी या ज्यू भक्तिपंथाच्या ग्रंथांत आत्मा हा देवाचाच अंश असल्याची भाषा येते हे खरं, पण तिथेही समोरच्या माणसाची आरती कोणी करत नाही. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात शब्द आहेत ते असे, की देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, नर आणि नारी घडवली. हिब्रूत याला 'त्सेलेम एलोहिम' म्हणतात. देवाची मूर्ती करू नका असं दहा आज्ञांत बजावणाऱ्या धर्मात देवाचं एकच रूप डोळ्यांना दिसू शकतं, आणि ते चालतं-बोलतं आहे.

या प्रतिरूपात शरीरही येतं. देहदंड झालेल्या गुन्हेगाराचं प्रेतसुद्धा रात्रभर टांगून ठेवू नये, त्याच दिवशी पुरावं, असा तोराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतल्या ज्यू धर्मशास्त्राचा, नियम आहे. त्यावर तालमूदमध्ये जुळ्या भावांचा दाखला येतो. एक राजा झाला, दुसरा दरोडेखोर. दरोडेखोराला फासावर टांगलं तेव्हा बघणारे म्हणू लागले, "राजाच टांगलाय!" मग राजाने हुकूम देऊन त्याला खाली उतरवलं. जुळ्यांत गुन्हेगार धरला आहे हे लक्षात ठेवा. चांगुलपणाची अट इथे नाहीच.

दुसऱ्या शतकातला एक वादही माहीत असावा. रब्बी अकिवा म्हणाले, 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे तोराचं मोठं सूत्र. बेन अझ्झाई म्हणाले, उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामाची वंशावळ सुरू होते आणि माणूस देवाच्या प्रतिमेत घडल्याचं सांगितलं जातं, ते सूत्र त्याहून मोठं. फरक वरवर किरकोळ वाटतो. पण ज्याला स्वतःबद्दलच किंमत उरलेली नाही तो शेजाऱ्यावर 'स्वतःसारखी' काय प्रीती करणार? माझा अपमान झाला, मग तुझाही होऊ दे, असं तो म्हणू शकतो. रब्बी तनहुमा यांनी नेमकं हेच हेरलं आणि म्हटलं: तसं करशील तर कुणाचा अपमान करतो आहेस ते ओळख. मी सरावाला बेन अझ्झाईचं सूत्र धरतो, कारण ते आपल्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही.

आणि हे सूत्र कुणासाठी आहे? त्या अध्यायांत अजून ज्यूंचा मूळपुरुष अब्राहामही जन्मलेला नाही, त्यामुळे प्रतिरूप मनुष्यमात्राचं. पुढच्या ग्रंथांनी हा विस्तार सगळीकडे सारखा जपला असं मात्र नाही. 'एक जीव वाचवणारा जणू सगळं जग वाचवतो' हे मिश्नेतलं (तालमूदचा गाभा असलेल्या जुन्या नियमसंग्रहातलं) वाक्य काही प्रतींत 'इस्राएलातला एक जीव' असं सापडतं, काहींत नुसतंच 'एक जीव'. मिश्ना त्या जागी आदामाबद्दलच बोलते आहे, म्हणून मला व्यापक पाठ संदर्भाला धरून वाटतो.

पायरी १: सकाळी, स्वतःपासून

ज्यू घरात डोळे उघडल्यावर अंथरुणातच 'मोदे अनी' म्हणतात (बायका 'मोदा अनी'): जिवंत आणि शाश्वत राजा, माझा प्राण तू करुणेने परत दिलास, आभार. मग 'एलोहाय नेशामा' या प्रार्थनेचं पहिलं वाक्य येतं: माझ्या देवा, तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे. दिवसाचा पहिला धडा असा स्वतःबद्दलचा आहे, कारण स्वतःकडे तुच्छतेने बघणारा माणूस दुसऱ्याकडे त्याच नजरेने बघतो.

त्यानंतर आंघोळ. हिल्लेल नावाचे थोर गुरू एकदा शिष्यांपासून निरोप घेऊन निघाले. शिष्यांनी विचारलं, कुठे? म्हणाले, धर्मकृत्य करायला. कुठलं? स्नानगृहात आंघोळ करायला. शिष्य चक्रावले. हिल्लेल म्हणाले, नाट्यगृहांत आणि सर्कशींत राजाचे पुतळे उभे असतात. ते घासूनपुसून ठेवणाऱ्याला पगार मिळतो, मान मिळतो. मग देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या आपण आपली काळजी नको घ्यायला?

करायचं ते इतकंच: आंघोळीच्या वेळी दुसरं काही डोक्यात न आणता हिल्लेलची ही गोष्ट एकदा आठवायची. आणि घराबाहेर पडण्याआधी एक वाक्य मोठ्याने म्हणायचं. सोळाव्या शतकात गालीलमधल्या सफेद नावाच्या गावी रब्बी इसहाक लुरिया यांनी सकाळच्या प्रार्थनेआधी म्हणायला लावलेलं हे वाक्य अनेक ज्यू आजही म्हणतात: 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा मी स्वतःवर घेतो.' ज्यू नसाल तर आपल्या शब्दांत म्हणा. मोठ्याने म्हणण्याचा फायदा असा, की दहा मिनिटांनी रिक्षावाल्यावर खेकसताना ते कानात असतं.

पायरी २: आठवड्याला एक माणूस

'मी सगळ्यांत देव पाहणार' असा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. मेनाहेम मेंडेल लेफिन यांनी १८०८ साली 'हेश्बोन हनेफेश' म्हणून पुस्तक छापलं. त्यात तेरा गुण घेतले, एका आठवड्याला एकच, आणि तेरा आठवड्यांचं चक्र वर्षात चार वेळा. कल्पना त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनच्या वहीवरून उचलली होती. पुढे लिथुआनियातले रब्बी इस्राएल सलान्तर यांनी मुसार नावाची जी नीतिसाधनेची चळवळ उभारली, तिच्यात हे पुस्तक पुन्हा वाचलं जाऊ लागलं. सलान्तरांचं दुखणं असं होतं, की लोक कर्मकांडात केसभर चुकत नाहीत आणि माणसांशी वागताना मात्र खुशाल चुकतात.

त्यांच्याबद्दल सांगतात, की जेवणाआधी हात धुताना ते अगदी थोडं पाणी घेत. भरपूर पाण्याने हात धुणं हे जास्त पुण्याचं मानतात, मग हे असं का? कारण ते पाणी लांबून मोलकरीण वाहून आणत होती. दुसऱ्याच्या खांद्यावर आपलं पुण्य कमवायचं नाही.

तर तेरा गुणांच्या जागी तेरा माणसं घ्या. पहिल्या आठवड्याला असा माणूस निवडा जो तुम्हाला रोज दिसतो आणि ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही. वॉचमन, जिना झाडणाऱ्या बाई, ऑफिसात चहा आणणारा मुलगा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घरातलं एक माणूस घ्या, हे टाळू नका. परक्याशी गोड आणि घरी तुसडे असे साधक पुष्कळ असतात. ज्याच्याशी वैर आहे तो आठव्या-नवव्या आठवड्याला. पहिल्याच आठवड्यात वैऱ्याला हात घातला तर वही तिथेच बंद पडेल.

पायरी ३: आधी तुम्ही बोला

रब्बी योहानान बेन झक्काई यांच्याबद्दल तालमूद सांगतं, की कधीही कोणी त्यांना आधी नमस्कार करू शकलं नाही, बाजारातला परधर्मीसुद्धा नाही. आधी बोलणारे नेहमी तेच. जेरुसलेम पडल्यानंतर ज्यू विद्येला सावरणारा हा माणूस, त्याला रस्त्यात लोकांना हाका मारायला वेळ होता.

हिल्लेलच्याच काळचे दुसरे गुरू शम्माई तर म्हणतात, प्रत्येकाचं हसऱ्या चेहऱ्याने स्वागत कर. गंमत अशी, की शम्माई तापट म्हणून प्रसिद्ध. एका पायावर उभा आहे तेवढ्यात सगळी तोरा शिकवा असं म्हणणाऱ्याला त्यांनी हातातल्या मोजपट्टीने हाकलून लावलं होतं. म्हणजे हसरा चेहरा त्यांना जन्मजात मिळालेला नव्हता. स्वभाव तसा नाही ही सबब इथे चालत नाही.

या आठवड्याच्या माणसाला रोज तुम्ही आधी बोलायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत नाव विचारायचं आणि चौथ्या दिवशी ते वापरायचं. मराठीत एक जास्तीचं काम आहे: कुणाला आपण 'अहो' म्हणतो आणि कुणाला 'ए', हे तपासायचं. वयाने मोठ्या सफाई कामगाराला 'अरे' म्हणत असाल तर या आठवड्यात 'अहो' करा. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, समोरचाही चमकून बघतो. दोन्ही होऊ द्या.

अनोळखी माणसाच्या बाबतीत ज्यूंकडे आणखी एक कारण आहे. लोककथांत संदेष्टा एलिया वाटसरूच्या नाहीतर भिकाऱ्याच्या वेषात कधीही दारात येतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजात त्याला एलियाहू हनाबी म्हणतात आणि त्याचं स्थान फार मोठं आहे. अलिबाग, पेण, रोह्याकडे तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून यांना शनिवार तेली म्हणत. मंगल कार्यात किंवा नवस फेडताना ते एलियाहूच्या नावाने मलिदा करतात, म्हणजे भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि फळं यांचं ताट. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. दारातला माणूस तोही असू शकतो असं ज्याला मनापासून वाटतं, तो आधी चेहरा बघतो, काम मागून विचारतो.

पायरी ४: वेगळेपण शोधा

'सगळी माणसं सारखीच' हे वाक्य ऐकायला उदार आहे, पण या साधनेत ते अडसर ठरतं. मिश्ना म्हणते, माणूस एका ठशाने पुष्कळ नाणी पाडतो आणि ती सगळी सारखी निघतात. राजांच्या राजाने सगळी माणसं आदामाच्या ठशाने पाडली आणि एकही दुसऱ्यासारखं निघालं नाही. म्हणून प्रत्येकाने म्हणावं, माझ्यासाठी जग निर्माण झालं. त्या काळच्या नाण्यांवर सम्राटाचं तोंड असे. इथे ठसा एकच असूनही दर नाण्यावरचं तोंड निराळं, आणि त्यातच पाडणाऱ्याची थोरवी.

तालमूदमध्ये गर्दीसाठीसुद्धा आशीर्वचन आहे. सहा लाख इस्राएली एकत्र दिसले तर 'रहस्यं जाणणारा धन्य' असं म्हणायचं, कारण त्यांची मनं एकमेकांसारखी नाहीत आणि चेहरेही नाहीत. आकडा आणि समाज ठरलेला असल्यामुळे ते आपण दादरच्या पुलावर म्हणू शकत नाही. विचार मात्र उचलता येतो. गर्दी पाहिल्यावर 'काय ही माणसं' असं मनात येतं तिथे थांबायचं आणि त्यातला एकच चेहरा घ्यायचा. टक लावून नाही, एका नजरेत मावेल एवढंच. या माणसाला कुठली तरी गोष्ट ठाऊक आहे जी मला कधीच कळणार नाही, एवढं मनात म्हणून पुढे चालायचं.

निवडलेल्या माणसासाठी आठवड्यात तीन गोष्टी लिहा ज्या फक्त त्याच्याच आहेत. 'मेहनती आहे' हे चालणार नाही, ते कुणालाही लागू पडतं. 'दार उघडताना आधी पावलांचा आवाज ऐकून कोण ते ओळखतात' हे चालेल.

विसाव्या शतकात या विचाराला तत्त्वज्ञानाची भाषा मिळाली. १९०६ साली आजच्या लिथुआनियातल्या कोवनोला जन्मलेले तत्त्वज्ञ एमान्युएल लेव्हिनास म्हणत, की दुसऱ्याचा चेहराच आपल्याला जबाबदार ठरवतो, आपण त्याला कुठल्या कप्प्यात बसवण्याआधीच. कोवनोत नदीपलीकडे स्लाबोदका हे उपनगर. तिथल्या धर्मपाठशाळेत रब्बी नोसोन त्स्वी फिंकेल विद्यार्थ्यांना माणसाची थोरवी हाच मुसारचा मुख्य विषय म्हणून शिकवत आणि चांगले, नीटनेटके कपडे घालायला लावत. गरीब घरची ती मुलं. हिल्लेलची आंघोळ इथवर पोचली होती म्हणायची.

पायरी ५: नकोसा माणूस

इथपर्यंतचं काम गोड आहे. खरा सराव ज्याचा आवाज आला तरी कपाळावर आठी पडते त्याच्यापाशी होतो, आणि परंपरेने यासाठी एकापेक्षा जास्त हत्यारं दिली आहेत.

पहिलं ब्रेस्लवच्या रब्बी नहमान यांचं (१७७२ ते १८१०). पूर्ण दुष्ट वाटणाऱ्या माणसातही शोधून एक चांगला बिंदू काढ, म्हणतात. एक सापडला की त्याच्या बाजूचा शोध. त्या बिंदूवर उभं राहून बघ, तो माणूस पुण्याच्या बाजूला सरकलेला दिसेल. लगेच पुढे ते म्हणतात, हेच स्वतःवरही कर, कारण निराशेत बुडालेल्याला स्वतःत काहीच चांगलं दिसत नाही. नहमान स्वतः खोल उदासीनतेशी झगडत होते, त्यामुळे हे पुस्तकी वाटत नाही. करायचं कसं? आपल्या नकोशा सहकाऱ्याचं एक कृत्य कागदावर लिहा, विशेषण न लावता. 'आईच्या आजारपणात रोज डबा नेऊन द्यायचा.' पुरे. त्याला 'पण' जोडायचा मोह होईल, तो आवरायचा.

दुसरं हत्यार म्हणजे संशयाचा फायदा देणं. तालमूदमधली एका मजुराची गोष्ट अशी. वरच्या गालीलमधला माणूस दक्षिणेत एकाकडे तीन वर्षं राबला. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या, आदल्या दिवशी मालकाला म्हणाला, मजुरी द्या, बायकापोरांना खायला घालायचं आहे. मालक म्हणाला, पैसे नाहीत. मग धान्य द्या. नाही. जमीन? नाही. गुरं? नाही. गाद्या-उशा? त्याही नाहीत. मजूर गाठोडं पाठीला लावून खाली मानेने घरी गेला. सण झाल्यावर मालक मजुरी आणि खाण्यापिण्याने लादलेली तीन गाढवं घेऊन त्याच्या दारी आला. जेवणं झाल्यावर विचारलं, मी पैसे नाहीत म्हणालो तेव्हा तुला काय वाटलं? वाटलं, स्वस्तात माल मिळाला असेल, त्यात गुंतले असतील. गुरं? भाड्याने दिली असतील. जमीन? खंडाने दिली असेल. धान्य? त्याचा दशमांश काढायचा राहिला असेल. आणि गाद्या-उशा? वाटलं, सगळी मालमत्ता देवाला वाहिली असेल. मालक म्हणाला, शपथेवर सांगतो, अगदी तसंच होतं. मुलगा शिकत नव्हता म्हणून रागाच्या भरात सगळं वाहून टाकलं होतं, आता त्या नवसातून सुटलो. तू मला जसं तोललंस तसं देव तुला तोलो.

यावरून व्यायाम: ज्या वागण्याचा राग आला त्याची पाच कारणं लिहा, ज्यांत समोरचा दोषी नाही. पहिली दोन सहज सुचतात, चौथ्यापासून घाम फुटतो. कारणं खरी निघायची गरज नाही. आपल्याच पहिल्या निवाड्याची पकड सुटणं एवढंच काम. एक टीप: ही गोष्ट मालकाने कामगाराला ऐकवायची नसते. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी ही तोराची आज्ञाच आहे.

तिसरं हत्यार सावधपणाचं, आणि याच्यावाचून पहिली दोन धोक्याची. 'देरेख एरेत्स रब्बा' या छोट्या ग्रंथात सांगितलं आहे, की प्रत्येक माणूस तुझ्या नजरेत लुटारू असू दे आणि प्रत्येकाचा मान थोर धर्मगुरू रब्बान गमलिएलसारखा ठेव. रब्बी यहोशुआंनी एका वाटसरूला जेवूखाऊ घातलं, गच्चीवर निजायला पाठवलं आणि हळूच शिडी काढून घेतली. मध्यरात्री पाहुणा घरातल्या वस्तू बांधून उतरायला गेला तो थेट खाली पडला. म्हणाला, शिडी काढलीत हे मला माहीत नव्हतं! जेवण मनापासूनचं होतं आणि शिडीही काढलेली होती. देवाचं प्रतिरूप असलेल्या माणसाला उसने पैसे न देणं, त्याच्याविरुद्ध तक्रार करणं, त्याच्यापासून मुलांना दूर ठेवणं हे सगळं या साधनेत बसतं. घरात मार खाणाऱ्या बाईला कुणी 'त्याच्यातला चांगला बिंदू बघ' म्हणून परत पाठवत असेल, तर तो या परंपरेचा अर्थ उलटा लावतो आहे. प्रतिरूप तिच्यातही आहे, आणि शेजाऱ्याचं रक्त सांडत असताना नुसतं उभं राहू नकोस हे वाक्य लेवीय पुस्तकात 'शेजाऱ्यावर प्रीती कर'च्या दोनच ओळी आधी येतं.

पायरी ६: चारचौघांत नाही

चारचौघांत दुसऱ्याला लाजवणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, असं तालमूद म्हणतं, आणि पुरावा म्हणून चेहरा दाखवतं: लाली ओसरते, तोंड पांढरं पडतं. मार उक्बा नावाचे गृहस्थ एका गरिबाच्या दाराच्या खाचेत रोज चार झूझ (चांदीची नाणी) टाकून जात. एके दिवशी गरिबाने ठरवलं, कोण ते बघायचंच. मार उक्बा आणि त्यांची बायको पळाले आणि तापलेल्या भट्टीत जाऊन लपले. माणसाला लाज आणण्यापेक्षा भट्टीत उडी घेतलेली बरी.

आजची भट्टी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप. नियम सोपा ठेवा: चूक दाखवायची ती एकट्याला, फोन करून. ग्रुपवर कुणाची टिंगल चालली असेल तर हसण्याची इमोजीही टाकायची नाही. नोकराला, मुलाला किंवा नवऱ्याला पाहुण्यांसमोर बोलायचं नाही. खरं सांगायचं तर आठही पायऱ्यांत मोजायला सगळ्यात सोपी आणि पाळायला सगळ्यात कठीण हीच.

पायरी ७: देताना

बाराव्या शतकातला धर्मशास्त्री मैमोनिदिस याने लिहून ठेवलं आहे, की तोंड वाकडं करून दिलेल्या दानाचं पुण्य जातं, मग हजार सोन्याची नाणी का देईनात. म्हणून दिलं तर चेहऱ्याकडे बघून द्या, नसेल द्यायचं तरी चेहऱ्याकडे बघून नाही म्हणा. हिल्लेलने एका मोठ्या घरातल्या, पण कंगाल झालेल्या माणसाला स्वारीला घोडा आणि पुढे धावायला नोकर मिळवून दिला. एक दिवस नोकर मिळेना, तर स्वतः त्याच्यापुढे तीन मैल धावले. गरजूला काय हवं ते आपण ठरवू नये, हा त्यातला भाग घ्यायचा. धावण्याची वेळ सहसा येत नाही.

पायरी ८: रात्रीची वही

लेफिनच्या पद्धतीने एक तक्ता आखा: वर सात वार, बाजूला तीनच ओळी. आधी बोललो का, वेगळं काय दिसलं, कुणाला लाजवलं का. चुकलं तिथे टिंब. पानभर लिहायला बसू नका, त्यात स्वतःचीच वकिली होते. निजताना शेमा हा रोजचा पाठ म्हणण्याआधी अनेक ज्यू एक छोटी प्रार्थना म्हणतात: आज ज्याने मला चिडवलं, दुखावलं, त्या सगळ्यांना मी माफ करतो. टिंबं देऊन झाल्यावर तेही म्हणा, शक्यतो नाव घेऊन.

तेरा आठवडे झाले की पहिल्या माणसापासून पुन्हा. यादी बदलू नका. दुसऱ्या फेरीत त्याच वॉचमनबद्दल लिहायला नवं काही सापडतं का, यावरून पहिली फेरी किती झाली ते कळतं.

टिंब तिसऱ्या ओळीत पडलं असेल तर नुसती वही पुरत नाही. योम किप्पूरचा उपास देवाविरुद्धच्या पापांना चालतो, माणसाविरुद्धच्या पापांना तो माणूस राजी होईपर्यंत चालत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी जायचं. 'काही चुकलं असेल तर माफ कर' हे वाक्य वापरायचं नाही. काय बोललो, कुणासमोर बोललो ते सांगून माफी मागायची. त्याने नाही म्हटलं तर मैमोनिदिस सांगतो, तिघांना सोबत घेऊन पुन्हा जा, असं तीनदा कर. आणि चारचौघांत लाजवलं असेल तर माझ्या मते माफीही त्याच चौघांसमोर मागायला हवी, त्याला ते चालणार आहे का हे आधी एकट्याला विचारून.